पहिला पीसी जोडताना: कमी बजेटमध्ये पैसे कुठे घालायचे आणि कुठे हात आखडायचा

जाहिरात सगळीकडे सारखीच असते: ‘कोअर आय५, ८ जीबी रॅम, ५०० जीबी, १९ इंची मॉनिटर, कीबोर्ड-माउस फ्री’. खालची किंमत पाहून दहावी-बारावीच्या मुलांचे आई-वडील लगेच फोन लावतात. आय५ च्या पुढे पिढी मात्र लिहिलेली नसते. विचारलं की कळतं, तिसरी किंवा चौथी. म्हणजे २०१२-१३ च्या सुमाराचा, कुठल्यातरी ऑफिसातून निघालेला जुना प्रोसेसर आणि त्याच्याखाली अनोळखी कंपनीचा एच६१ किंवा एच८१ मदरबोर्ड. विंडोज ११ ला इंटेलची किमान आठवी पिढी आणि टीपीएम २.० (मदरबोर्ड किंवा प्रोसेसरमधली सुरक्षेची सोय) लागतं. विंडोज १० चा नियमित सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. थोडक्यात, घरी आणल्या दिवसापासूनच या मशीनचं पुढचं दार बंद असतं. त्यात वेगळी रॅम बसत नाही, नवा प्रोसेसर बसत नाही, आणि बोर्ड गेला तर दुसरा तसाच जुना शोधत फिरावं लागतं.

तेवढ्याच पैशांत थोडी भर घालून नवे सुटे भाग घेतले तर घरचा पीसी सहा-सात वर्षं सुखाने चालतो. त्यासाठी भाग निवडता आले पाहिजेत. पुढचं सगळं मॉनिटरसह साधारण पन्नास हजारांच्या आसपासचं बजेट आणि आयुष्यातला पहिला पीसी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलं आहे. सुट्या भागांचे भाव इथे देत नाही, कारण ते आठवड्या-आठवड्याला हलतात. निवड कशी करायची ते एकदा कळलं की भाव तुम्ही स्वतः जुळवू शकता.

कमी बजेटमध्ये सगळंच एकदम चांगलं पदरात पडत नाही. म्हणून प्रत्येक भागाला एकच प्रश्न विचारा: हा उद्या एकटा बदलता येईल का? येत असेल तर आज साधा चालेल. येत नसेल, किंवा तो बिघडल्यावर दुसऱ्यांनाही सोबत घेऊन जाणार असेल, तर पैसे तिथे घाला.

आधी कागद-पेन

दुकानात जाण्याआधी पीसीवर नेमकं काय होणार ते लिहून काढा. ‘सगळंच’ हे उत्तर चालणार नाही. ऑनलाइन क्लास, एक्सेल, टॅली, जीसीसी-टीबीसीच्या टायपिंगचा सराव, सी आणि पायथन शिकणं, घरच्या समारंभाचा व्हिडिओ कापून जोडणं, संध्याकाळी तासभर व्हॅलोरंट. एवढ्याला वेगळं ग्राफिक्स कार्ड लागत नाही. थ्रीडी ॲनिमेशन, मोठे नवे गेम किंवा रोजचं व्यावसायिक व्हिडिओ एडिटिंग असेल तर लागतं, पण तेव्हा बजेटही वेगळं धरावं लागतं.

याच कागदावर घरात आधीपासून काय आहे तेही लिहा. टीव्हीला एचडीएमआय पोर्ट असेल तर मॉनिटर दोन महिन्यांनी घेतला तरी काम अडत नाही. जुन्या पीसीचा कीबोर्ड-माउस चालतो. जुनं कॅबिनेट धड असेल तर तेही चालेल, पण त्यातला जुना एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) वापरू नका. त्याचं कारण पुढे येईल.

प्रोसेसर: ग्राफिक्स आत असलेला घ्या

पहिल्या बजेट पीसीसाठी माझं स्पष्ट मत आहे की प्रोसेसरमध्येच ग्राफिक्स असलेलं मॉडेल घ्यावं आणि वेगळं कार्ड नंतरवर ढकलावं. त्यातून वाचलेल्या पैशांत बाकीचा पीसी नीट उभा राहतो.

एएमडीचा रायझन ५ ५६००जी हा या कामाचा जुना विश्वासू गडी. २०२१ चा आहे, पण ६ कोअर (प्रत्यक्ष काम करणारे भाग) आणि १२ थ्रेड (एकाच वेळी चालणारी कामं) घरगुती वापराला अजूनही भरपूर होतात. त्यातले व्हेगा ग्राफिक्स व्हॅलोरंट किंवा जीटीए ५ सारखे गेम कमी सेटिंगवर चालवतात. रिटेल बॉक्समध्ये कूलर सोबत येतो. २०२४ मध्ये आलेला ५६००जीटी हा त्याचाच भाऊ. दोन्हींपैकी जो स्वस्त मिळेल तो घ्या.

इंटेलमध्ये आय३-१२१०० बघा. ४ कोअर, ८ थ्रेड. ऑफिसची कामं, कोडिंग, ब्राउझर यांत तो चपळ आहे, मात्र त्याचे यूएचडी ७३० ग्राफिक्स एएमडीपेक्षा बरेच कमकुवत आहेत. गेमशी घेणंदेणं नसेल तर हाच पुरतो. थोडे पैसे वाढवता आले तर ६ कोअरचा आय५-१२४०० घ्या.

इंटेलच्या नावातलं शेवटचं अक्षर नीट वाचा. आय३-१२१००एफ स्वस्त दिसतो, कारण त्यात ग्राफिक्सच नाहीत. वेगळं कार्ड नसताना तो घेतला तर सगळं जोडून बटण दाबल्यावर पंखे फिरतात आणि स्क्रीन काळीच राहते. कोटेशनमध्ये ‘१२१००’ एवढंच लिहून एफवाला देणारी दुकानंही आहेत, तेव्हा पूर्ण नाव लिहून घ्या.

‘ट्रे’ प्रोसेसरबद्दलही विचारा. हा बॉक्स आणि कूलरशिवाय सुटा विकला जातो आणि काही शे रुपयांनी स्वस्त पडतो. बॉक्सवाल्या प्रोसेसरला कंपनीची ३ वर्षांची वॉरंटी असते. ट्रेवाल्याला बहुधा फक्त दुकानदाराचा शब्द असतो. पहिल्या पीसीला बॉक्सच घ्या.

एएमडीचेच, पण एएम५ या नव्या सॉकेटवरचे (सॉकेट म्हणजे बोर्डावरची प्रोसेसर बसण्याची जागा) ८५००जी आणि ८६००जी हे २०२४ चे. ८६००जीचे ग्राफिक्स ५६००जीच्या कितीतरी पुढे आहेत आणि या सॉकेटसाठी २०२७ पर्यंत तरी नवे प्रोसेसर देऊ असं एएमडीने सांगितलं आहे. ‘उद्या बदलता येईल का’ या कसोटीवर एएम५ जिंकतो. अडचण फक्त रॅमची. एएम५ ला डीडीआर५ ही नव्या प्रकारची रॅमच लागते, आणि तिथेच सध्या खिसा फाटतो.

रॅम: सध्याचा सगळ्यात अवघड भाग

२०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव झपाट्याने चढले. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी मेमरी बनवण्याकडे सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तिन्ही मोठ्या कंपन्या वळल्या, आणि घरगुती ग्राहकाच्या वाट्याला कमी माल उरला. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशल’ या आपल्या ब्रँडखालचा सर्वसामान्य ग्राहकांचा व्यवसाय बंद करत असल्याचं जाहीर केलं. पूर्वी रॅम हा बजेटमधला किरकोळ खर्च होता. आता तो प्रोसेसरच्या बरोबरीने धरावा लागतो. त्यामुळे जुन्या व्हिडिओंमधलं पैशांचं वाटप बघून बेत आखू नका, तो हमखास फसेल.

१६ जीबी हे ध्येय ठेवा. ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये असले की ते स्वतःसाठी याच रॅममधून अर्धा ते दोन जीबी बाजूला काढतात. ८ जीबीच्या पीसीत मग विंडोजला सहा-सात जीबीच दिसते. त्यात विंडोज, ब्राउझरचे पंधरा टॅब आणि ऑनलाइन क्लास एकत्र आले की मशीन रडायला लागतं.

एकच १६ ची पट्टी घ्यायची की ८-८ च्या दोन? गेम खेळणार असाल तर दोन. दोन पट्ट्या असल्या की मेमरीकडे जाणारे दोन रस्ते एकदम वापरले जातात, आणि आतल्या ग्राफिक्सना याचा इतका फायदा होतो की त्याच प्रोसेसरवर अडखळणारा गेम सरळ चालू लागतो. गेम नसतील, फक्त ऑफिस आणि अभ्यास असेल, तर १६ ची एक पट्टी घ्या म्हणजे दुसरा स्लॉट पुढच्यासाठी मोकळा राहील. आणि हात अगदीच आखडला असेल तर आज ८ ची एक पट्टी घ्या, सहा महिन्यांनी तशीच दुसरी. रॅम वाढवायला दोन मिनिटं लागतात. म्हणून इथे तडजोड चालते.

डीडीआर४ आणि डीडीआर५ एकमेकांच्या स्लॉटमध्ये बसत नाहीत, खाचेची जागाच वेगळी असते. एच६१० चे काही बोर्ड डीडीआर४ चे असतात, काही डीडीआर५ चे. नावं जवळजवळ सारखी, शेवटी फक्त ‘डी४’ लिहिलेलं असतं. रॅम आणि बोर्ड एकाच वेळी, एकाच कागदावर ठरवा.

वापरलेली रॅम घ्यावी का? डीडीआर४ असेल, ओळखीच्या ब्रँडची असेल आणि तपासून घेता येत असेल तर घ्यायला हरकत नाही. रॅममध्ये झिजणारा भाग नसतो. मेमटेस्ट८६ हे साधन पेनड्राइव्हवर टाकून रात्रभर चालवा. एकही चूक दाखवली तर ती पट्टी परत करा.

मदरबोर्ड

इथे दुकानदार तुम्हाला वर चढवायचा प्रयत्न करील, पण फार वर जाऊ नका. ५६००जी साठी ए५२० पुरतो. पुढे जास्त कोअरचा प्रोसेसर बसवायचा विचार असेल तर बी५५० घ्या. आय३-१२१०० साठी एच६१०. असूस, गिगाबाइट, एमएसआय, एएसरॉक यांपैकी कुणाचाही चालेल, आपल्या जिल्ह्याच्या ठिकाणी कुणाचं सर्व्हिस सेंटर आहे ते बघून ठरवा.

चार गोष्टी मात्र बघा. रॅमचे किती स्लॉट आहेत? एम.२ स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) आहे का, आणि तो एनव्हीएमई (वेगवान प्रकारची एसएसडी) चालवतो का? तुमच्या मॉनिटरला जुळणारं पोर्ट मागे आहे का? आणि वाय-फाय आहे का? स्वस्त बोर्डांवर वाय-फाय सहसा नसतं. राउटर त्याच खोलीत असेल तर दहा मीटरची लॅन केबल टाका. ती वाय-फायपेक्षा स्वस्तही पडते आणि पक्कीही. नसेल तर यूएसबी डोंगल घ्या, पण ५ गिगाहर्ट्झ पकडणारा.

बायोसचा (पीसी सुरू होताना बोर्डावर सगळ्यात आधी चालणाऱ्या सॉफ्टवेअरचा) एक मुद्दा नवशिक्यांना सगळ्यात जास्त छळतो. बोर्ड दुकानात वर्षभर पडून असेल तर त्याच्यातलं बायोस जुनं असतं, आणि नंतर आलेला प्रोसेसर ते ओळखत नाही. जुने बी४५० बोर्ड आणि ५००० मालिका, किंवा जुने एच६१० आणि चौदावी पिढी, अशा जोड्यांमध्ये हे होतं. दुकानदाराला स्पष्ट सांगा: ‘बायोस अपडेट करून, चालू करून दाखवून द्या.’ हे त्याचं काम आहे, ते सांगायला संकोच करू नका.

साठवण

हार्ड डिस्कवर विंडोज टाकायचे दिवस संपले. ५०० जीबीची एनव्हीएमई एसएसडी घ्या. २५६ जीबीची घेऊन वाचणारे पैसे वर्षभरात पश्चात्तापात जातात.

एसएसडीच्या बॉक्सवर ‘जेन४, ७००० एमबी’ असे मोठे आकडे असतात. ५६००जी हा प्रोसेसर पीसीआयई (एसएसडी आणि ग्राफिक्स कार्ड यांना जोडणारा मार्ग) ३.० पर्यंतच, म्हणजे जेन३ पर्यंतच जातो, त्यामुळे त्याच्यासोबत कितीही महागडी जेन४ एसएसडी लावली तरी ती साधारण ३५०० एमबी प्रति सेकंदाच्या पुढे पळणार नाही. बहुतेक एच६१० बोर्डांचा एम.२ स्लॉटही तेवढाच. त्या आकड्यांसाठी जादा पैसे देऊ नका. त्यापेक्षा टीएलसी प्रकारची मेमरी आणि ५ वर्षांची वॉरंटी असलेली घ्या. एम.२ आकारातच साटा प्रकारच्या एसएसडीही मिळतात. त्या साडेपाचशे एमबीला थांबतात आणि काही स्लॉटमध्ये तर चालतच नाहीत. बिलावर ‘एनव्हीएमई’ हा शब्द असलाच पाहिजे.

फोटो-व्हिडिओ साठवायला जुन्या पीसीची हार्ड डिस्क दुसरी म्हणून लावा. पण कामाच्या फाइलींची एक प्रत बाहेरही ठेवा.

एसएमपीएस: इथे अजिबात हात आखडू नका

बजेट पीसीत सगळ्यात जास्त फसवणूक याच डब्यात होते, म्हणून इथे जरा थांबू.

‘कॅबिनेटसोबत ४५० वॉटचा एसएमपीएस फ्री’ हे वाक्य ऐकलं की तो डबा हातात घ्या आणि बाजूचं लेबल वाचा. त्यावर एक तक्ता असतो. ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट, १२ व्होल्ट, आणि प्रत्येकाखाली अँपिअर. आजचा पीसी, म्हणजे प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून ओढतो. तेव्हा १२ व्होल्टखालचा अँपिअरचा आकडा घ्या आणि १२ ने गुणा. फुकटच्या डब्यावर समजा १४ अँपिअर लिहिलं असेल, तर १४ गुणिले १२ म्हणजे १६८ वॉट. बाहेर मोठ्या अक्षरात ४५० लिहिलं असलं तरी कामाची वीज एवढीच. चांगल्या कंपनीच्या ४५० वॉटच्या एसएमपीएसवर १२ व्होल्टखाली ३६ च्या आसपास आकडा दिसतो, म्हणजे ४३२ वॉट. तो खरा ४५० चा डबा. हे गणित दुकानातच मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर करा.

दोन्ही डबे हातात धरले तरी फरक कळतो. हलक्या डब्यात फिल्टरची गुंडाळी, मोठे कपॅसिटर आणि धड हीटसिंक यांचाच पत्ता नसतो. ते नसलं की आपल्याकडच्या चढउताराच्या विजेचे झटके थेट बोर्डापर्यंत पोहोचतात. व्होल्टेज वाढलं किंवा शॉर्ट झालं तर आपणहून बंद होण्याची सोयही त्यात नसते. असा एसएमपीएस एकटा जळत नाही. जाताना मदरबोर्ड, कधी एसएसडीही घेऊन जातो. तेलही जातं, तूपही जातं.

‘८० प्लस’ची खूण असलेला घ्या, शक्यतो ब्राँझ. ब्राँझच्या कसोटीत अर्ध्या भारावर ८५ टक्के कार्यक्षमता लागते. ती खूण विजेच्या बचतीची आहे, दर्जाची हमी नाही, पण ती मिळवणाऱ्या डब्यात आत काहीतरी धड असतंच. वॉरंटी किती वर्षांची आहे तेही बघा. ५ वर्षं देणारी कंपनी तिच्या मालाबद्दल १ वर्ष देणाऱ्यापेक्षा जास्त काही सांगत असते.

किती वॉटचा? ५६००जी जास्तीत जास्त ८८ वॉट घेतो. बोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे धरून सगळा पीसी दीडशे वॉटच्या आत राहतो. उद्या आरएक्स ६६०० सारखं १३२ वॉटचं कार्ड लावलं तरी गाडी तीनशेच्या आत. म्हणजे चांगला ४५० पुरतो आणि ५५० मिळाला तर निवांत. ‘साडेसातशे घ्या, भविष्यात लागेल’ हा सल्ला या बजेटला लागू नाही. मात्र त्याच्या केबलींमध्ये प्रोसेसरसाठी ४+४ आणि ग्राफिक्ससाठी ६+२ पिनची जोडणी आहे हे बघून घ्या, नाहीतर पुढे कार्ड लावताना अडाल.

जुना एसएमपीएस वापरू नका असं म्हटलं ते याचसाठी. दहा वर्षं चाललेल्या डब्यातले कपॅसिटर थकलेले असतात, आणि त्यांच्या भरवशावर नवे भाग सोडणं धोक्याचं आहे.

वीज, अर्थिंग आणि यूपीएस

कॅबिनेटच्या लोखंडी भागाला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं झालं तर तो पीसीचा दोष नसतो, घरात अर्थिंग नसतं. एसएमपीएसच्या आत विजेतला गोंधळ गाळून जमिनीत सोडणारे दोन छोटे कपॅसिटर असतात. जमिनीकडे जायची वाटच नसली की कॅबिनेटच्या पत्र्यावर साधारण मुख्य व्होल्टेजच्या निम्मं, म्हणजे ११५ व्होल्टच्या आसपास दाब दिसतो. प्रवाह अगदी किरकोळ असतो, म्हणून फक्त मुंग्या येतात, पण टेस्टर पेटतो आणि माणूस घाबरतो. त्याहून वाईट म्हणजे खरोखर काही बिघाड झाला तर वीज जायला तुमच्याशिवाय दुसरी वाट नसते. पीसी घरी येण्याआधी वायरमनला बोलवून त्या सॉकेटचं अर्थिंग तपासून घ्या. जुन्या वाड्यांत आणि भाड्याच्या खोल्यांत तीन पिनांचं सॉकेट असतं, पण तिसऱ्या पिनेला वायरच जोडलेली नसते. थ्री-पिनची जाड पिन मोडून दोन पिनांच्या सॉकेटमध्ये घुसवण्याचा प्रकार तर कृपा करून करू नका.

यूपीएस ६०० व्हीएचा घ्या. त्यावर बहुधा ३६० वॉट लिहिलेलं असतं, आणि खरा आकडा तोच. ग्राफिक्स कार्ड नसलेला पीसी आणि मॉनिटर त्यावर दहा-पंधरा मिनिटं सहज टिकतात, म्हणजे काम सेव्ह करून शांतपणे बंद करता येतं. बॅटरी दोन-तीन वर्षांनी बदलावी लागते, तो खर्च आधीच मनात धरा. घरात इन्व्हर्टर असेल तर त्याच्या मागे ‘यूपीएस मोड’चं बटण आहे का बघा. साध्या मोडमध्ये वीज बदलायला इतका वेळ जातो की पीसी रीस्टार्ट होतो. यूपीएस मोडमध्ये तो बहुधा तग धरतो.

कॅबिनेट आणि मॉनिटर

कॅबिनेटमध्ये रंगीत दिवे नकोत, हवा हवी. पुढे काच असलेलं कॅबिनेट फोटोत छान दिसतं पण गुदमरतं. पुढे जाळी, मागे एक आणि पुढे एक पंखा, आणि धुळीचा फिल्टर काढून धुता येणारा, एवढं बघा. विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात याची किंमत कळते. कोकणात दमट हवेचा त्रास. तिथे पीसी पावसाळ्यात आठवडाभर बंद ठेवण्यापेक्षा रोज थोडा वेळ चालू केलेला बरा.

मॉनिटर पीसीपेक्षा जास्त वर्षं टिकतो आणि डोळे रोज त्याच्याकडे असतात, म्हणून इथे थोडी सढळ निवड करा. २२ ते २४ इंच, १९२० बाय १०८०, आयपीएस पॅनल. ७५ किंवा १०० हर्ट्झ आता बजेटमध्येही मिळतात. टीएन पॅनल टाळा, त्यात बाजूने पाहिलं की रंग बदलतात. कमी रिझोल्यूशनच्या १९ इंची स्क्रीनवर वेलांट्या आणि रफार दातेरी दिसतात. तासन्‌तास मराठी टाइप करणाऱ्याने तो अनुभव टाळलेला बरा.

ग्राफिक्स कार्ड: आज नको, पण काय टाळायचं ते आज कळू द्या

‘४ जीबी ग्राफिक्स कार्डसह’ म्हणून जीटी ७१० किंवा जीटी ७३० गळ्यात मारलं जातं. जीटी ७३० हे २०१४ चं कार्ड आहे आणि ५६००जीच्या आतले ग्राफिक्स त्यापेक्षा सरळसरळ ताकदवान आहेत. पैसे देऊन पीसी मंद करून घ्यायचा हा मार्ग आहे.

दुसरा सापळा आरएक्स ६५०० एक्सटीचा. ते मदरबोर्डशी फक्त चार लेननी (डेटाच्या वाटांनी) बोलतं. पीसीआयई ४.० वर ते निभतं, पण ५६००जी ३.० वाला असल्यामुळे तिथे त्याचा वेग चांगलाच पडतो. पुढे पैसे जमले की आरएक्स ६६०० बघा. जादा पॉवर केबल नको असेल तर ७० वॉटचं आरटीएक्स ३०५० ६ जीबी. वापरलेलं कार्ड घ्यायचं झालं तर गेम लावून अर्धा तास चालताना पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका.

विंडोज की लिनक्स

दुकानदार ‘विंडोज टाकून देतो’ म्हणतो तेव्हा ते बहुधा क्रॅक केलेलं असतं, आणि त्याच क्रॅकमधून व्हायरस येतात. ज्या पीसीवर बँकेचे व्यवहार होणार, तिथे हे नको. विंडोज ११ होमचा परवाना बजेटमध्ये धरा, किंवा लिनक्स मिंट टाका. ब्राउझर, लिब्रेऑफिस, कोडिंग सगळं त्यावर फुकट आणि कायदेशीर चालतं, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्डही आहे. टॅली किंवा श्रीलिपी लागणार असेल तर मात्र विंडोजला पर्याय नाही.

खरेदीचा दिवस

सगळ्या भागांची पूर्ण मॉडेल नावांसह एक यादी करा आणि तीच यादी तीन ठिकाणी द्या. मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहेच. तिथे एकाच रस्त्यावर चार दुकानं फिरून भाव कळतो. तालुक्याच्या गावी असाल तर जवळच्या शहरातलं एक दुकान आणि दोन ऑनलाइन भाव घ्या. स्थानिक दुकान थोडं महाग पडलं तरी ओळखीचं असेल तर तिथेच घ्या, कारण वॉरंटीसाठी पार्सल पाठवण्यापेक्षा एसटीने तासाभरात जाऊन येणं परवडतं.

यादीतलं ‘सेम आहे हो’ म्हणून बदललेलं एकही नाव मान्य करू नका. बिल पक्कं, जीएसटीचं, आणि त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर. ‘बिलाशिवाय स्वस्त देतो’ यातली बचत म्हणजे वॉरंटीवर सोडलेलं पाणी. ऑनलाइन पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. वॉरंटी नाकारली आणि दुकान ऐकत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५.

जोडणी दुकानात करून घेणार असाल तर समोर उभं राहून बघा आणि विचारा. बहुतेक कारागीर आनंदाने सांगतात. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा त्रिकोण सॉकेटवरच्या त्रिकोणाशी कसा जुळवतात ते पाहून ठेवा. एएम४ सॉकेटच्या प्रोसेसरला (५६००जी त्यातलाच) खाली पिना असतात, त्या वाकल्या तर वॉरंटी मिळत नाही. सगळे रिकामे बॉक्स मागून घ्या.

घरी आल्यावर पहिल्या दोन दिवसांत

बदलून मिळण्याची मुदत थोडी असते, म्हणून तपासणी लगेच उरका. डीडीआर५ चा पीसी असेल तर पहिल्यांदा चालू केल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळी राहू शकते, तो रॅम ओळखत असतो. घाबरून बटण दाबत बसू नका.

विंडोजमध्ये टास्क मॅनेजर उघडून मेमरीच्या पानावर जा. ३२०० ची रॅम घेतली आणि तिथे २१३३ किंवा २६६६ दिसतं? बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा. ही एक कळ न दाबल्यामुळे कित्येक पीसी वर्षानुवर्षं अर्ध्या दमाने चालतात. सीपीयू-झेड या फुकटच्या साधनात चॅनेलपुढे ‘ड्युअल’ दिसतंय का बघा. चार स्लॉटच्या बोर्डावर दोन पट्ट्या शेजारी-शेजारी लावल्या असतील तर ते दिसणार नाही. प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये त्या हलवा.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो. त्यात एसएसडी एकूण किती तास चालली ते दिसतं. नव्या एसएसडीवर दोन-चार तास असायला हवेत. तिथे हजारात आकडा दिसला तर वापरलेला माल नवा म्हणून दिला आहे. स्क्रीनशॉट काढा, बिल घ्या आणि त्याच दिवशी दुकान गाठा. बिल आणि सिरियल नंबरांचे फोटो मोबाइलवर आणि ईमेलवर दोन्हीकडे ठेवा, कारण जीएसटीच्या बिलांची थर्मल छपाई वर्षभरात उडून जाते आणि एसएमपीएसची वॉरंटी पाच वर्षांची असते.